फारो कोठे गेला?

धर्मग्रंथ कसा वाचावा, हा प्रश्न आपल्या दृष्टीने कधीच निव्वळ पांडित्याचा नव्हता. ज्या समाजाला अक्षराला स्पर्श करण्याचीच बंदी होती, त्याच्यासाठी वाचन ही एक सामाजिक कृती होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तीही एका ग्रंथाची समीक्षाच होती. फक्त ती त्या ग्रंथाचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्यांनी केली होती. म्हणून कोणी धर्मग्रंथ वाचण्याची नवी रीत सांगू लागला की, ही रीत कोणाच्या सोयीची आहे, असा प्रश्न मला प्रथम पडतो.

अशाच एका रीतीचा येथे विचार करावयाचा आहे. बायबल हा इतिहास नाही. माणसाच्या अंतर्मनात घडणाऱ्या नाट्याचा तो ग्रंथ आहे, असे ही रीत मानते. अब्राहाम, मोशे, येशू ही हाडामांसाची माणसे नव्हेत, त्या जाणिवेच्या अवस्था आहेत. मिसर हा देश नव्हे, ती बद्ध मनाची स्थिती आहे. आणि देव म्हणजे दुसरेतिसरे काही नसून माणसाची कल्पनाशक्ती आहे. विसाव्या शतकातील या विचाराचा एक अत्यंत ठाम प्रवक्ता म्हणजे नेव्हिल गॉडर्ड (१९०५–१९७२). त्याचे नाव आपल्या अनेक वाचकांनी ऐकले नसेल. पण त्याच्या जातीचा विचार आपल्या वस्त्यांपर्यंत पोचला आहे. हवे ते मिळालेच आहे असे मनात धरा म्हणजे ते मिळेल, असे सांगणारी पुस्तके आज अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी ठेवलेली मी पाहतो. ती वाचणारी मुले आपली आहेत. ही पुस्तके वाचू नका, असे त्यांना सांगण्याचा अधिकार मी घेत नाही. ग्रंथबंदी काय असते हे आपल्याला पुरेपूर ठाऊक आहे. त्यांतले घेण्यासारखे काय आणि टाकण्यासारखे काय, हे मात्र समीक्षेने सांगितले पाहिजे.

ही रीत नेव्हिलने शोधलेली नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अब्राहामाच्या घरातील दोन स्त्रियांची कथा रूपक म्हणून वाचली. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने ग्रंथाला देह, जीव आणि आत्मा असे तीन थर असतात असे मांडले, आणि वाच्यार्थाला देहाची, म्हणजे सर्वांत खालची जागा दिली. पुढे इंग्लंडात विल्यम ब्लेक (१७५७–१८२७) या कवी-चित्रकाराने कल्पनाशक्ती आणि ख्रिस्त यांत भेदच ठेवला नाही. नेव्हिल पौलाचा आणि ब्लेकचा आधार पुन्हा पुन्हा घेतो.

नेव्हिलचा जन्म वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर एका गोऱ्या कुटुंबात झाला. १९२२ साली, सतराव्या वर्षी, तो नाट्यशिक्षणासाठी न्यूयॉर्कला आला, नर्तक आणि नट म्हणून वावरला, आणि पुढे व्याख्याता झाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याचा गुरू अब्दुल्ला नावाचा, वर्णाने काळा असा इथिओपियन ज्यू होता. १९३३ साली नेव्हिलला घरी जावयाचे होते आणि जवळ पैसे नव्हते. गुरूने सांगितले, तू बार्बाडोसला पोचलाच आहेस असे समजून झोपत जा. त्याने तसे केले; काही दिवसांनी भावाने बोटीच्या प्रवासाची सोय केली. ही हकिगत नेव्हिल पुढे वारंवार सांगत असे. १९४४ साली निघालेल्या ‘फीलिंग इज द सीक्रेट’ या त्याच्या छोट्या पुस्तकाचे सूत्रही हेच आहे. आतली भावना हे कारण आणि बाहेरचे जग हा तिचा परिणाम, असे ते मानते.

या विचाराला हसून बाजूला सारणे सोपे आहे. ते मी करणार नाही. निर्गमाच्या पुस्तकात मोशे देवाला त्याचे नाव विचारतो, आणि देव आपल्या असण्यापलीकडे दुसरे नाव सांगत नाही. नेव्हिलच्या मते हे ‘असणे’ म्हणजे प्रत्येक माणसाची स्वतःची जाणीव. गरीब, रोगी, हीन ही त्या जाणिवेला मागाहून जोडलेली विशेषणे होत. माणूस म्हणजे त्याची अवस्था नव्हे. तो त्या अवस्थेत असतो, आणि तिच्यातून बाहेर पडू शकतो. हा विचार त्याने ब्लेककडून घेतला आहे. ज्याच्या कपाळावर जन्माबरोबर जात लिहिली गेली, त्याला या विचाराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. माणूस आणि त्याची अवस्था एकच आहे, त्यांची ताटातूट होऊच शकत नाही, या गृहीतावरच जातिव्यवस्थेचे सगळे तत्त्वज्ञान उभे आहे.

दलित साहित्याचा पहिला उद्गारही आत्मभानाचाच होता. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याकडे निघालेल्या माणसांच्या मनात, पाणी ओंजळीत येण्यापूर्वीच, आपण माणूस आहोत ही प्रतिमा उभी राहिली होती. ती नसती तर पाऊल उचलले गेले नसते. शिवाय आपण ज्या धम्माचा मार्ग स्वीकारला तो धम्मही मनाला अग्रस्थान देतो. तेव्हा अंतर्मन, जाणीव, कल्पनाशक्ती हे शब्द दिसताच ते प्रस्थापितांचे आहेत म्हणून नाक मुरडण्याचे आपल्याला कारण नाही. दलित लेखक केवळ बाहेरचे वर्णन करतो, त्याला अंतर्मुखता नाही, असा आक्षेप घेणाऱ्या समीक्षकांना आपण कल्पनाशक्तीचा मक्ता कधीच दिलेला नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की चवदार तळे मनात नव्हते. ते महाडला होते, आणि त्याच्या काठावर दुसरी माणसे लाठ्या घेऊन उभी राहिली.

हा मुद्दा नेव्हिलच्याच जन्मभूमीवर तपासून पाहू. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापले गेले. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या काळ्या गुलामांसाठी निवडलेले भाग, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. या बेटांत बार्बाडोसही आले. या आवृत्तीत जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के आणि नव्या कराराचा सुमारे निम्मा भाग नाही. दहा आज्ञा आहेत. इस्राएल लोकांनी मिसरातून केलेले प्रयाण नाही. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा पौलाच्या नावावरील उपदेश आहे. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे त्याचे वचन नाही. कात्री चालवणाऱ्यांना काय धोक्याचे आहे हे नेमके कळत होते. मिसर हा देश आहे आणि फारो हा राजा आहे, हे गुलाम वाचतील. मग आपल्या मळ्याचा मालक कोण, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही, अशी ही भीती होती.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १४ एप्रिल १८१६ रोजी, बार्बाडोसमध्ये गुलामांचे बंड झाले. बसा नावाच्या, आफ्रिकेत जन्मलेल्या गुलामाचे नाव त्याला चिकटले आहे. तो दिवस ईस्टरचा, पुनरुत्थानाचा रविवार होता. बंडखोरांनी तो बायबल वाचून निवडला, असा माझा दावा नाही. वाचनाचा संबंध मात्र या बंडाशी होता. नॅनी ग्रिग या गुलाम स्त्रीला वाचता येत होते. ती वर्तमानपत्रे वाचून सोबत्यांना बातम्या सांगे, आणि हैतीच्या गुलामांनी जे केले ते आपणही केले पाहिजे असे म्हणे, अशी साक्ष बंडानंतरच्या चौकशीत नोंदली गेली आहे. स्वतंत्र हैतीचे चित्र तिने मनात उभे केले, ही कल्पनाशक्तीच होती. पण ते चित्र उराशी धरून ती झोपी गेली नाही. बंड काही दिवसांत चिरडले गेले, शेकडो माणसे मारली गेली, बसा लढताना पडला. बेटावरील गुलामी कायद्याने संपायला १८३४ साल उजाडले. त्या वेळी ब्रिटिश सरकारने साम्राज्यातल्या मालकांना दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. गुलामांना काही दिले नाही.

गुलामी संपल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी त्याच बेटावर जन्मलेला नेव्हिल सांगतो की, मिसर म्हणजे मनाची एक स्थिती आणि पुनरुत्थान म्हणजे डोक्याच्या कवटीत होणारी जाग. त्याने ग्रंथाला कात्री लावलेली नाही. निर्गमाचे पुस्तक त्याच्या हातात पूर्ण आहे. तरीही वाचून झाल्यावर पाहावे तर फारो जागेवर नाही. १८०७ च्या संपादकांनी जे पाने काढून केले, ते येथे अर्थ लावून झाले आहे. नेव्हिलचा तसा हेतू होता असे मी म्हणत नाही. वाचनाची फलश्रुती हेतूवर अवलंबून नसते, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

पौलाच्या ज्या रूपकावर ही परंपरा उभी आहे, तेही या दृष्टीने पुन्हा पाहिले पाहिजे. त्या कथेतली एक स्त्री सारा, ही धनीण. दुसरी हागार, ही मिसरची दासी. साराला मूल होत नाही म्हणून हागारला अब्राहामाकडे दिले जाते. पुढे तिला छळले जाते, आणि शेवटी मुलासह, भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन, रानात हाकलले जाते. पौलाच्या रूपकात हीच हागार बंधनाचे प्रतीक होते आणि सारा स्वातंत्र्याचे. जिला बंधनात टाकले तीच बंधनाचा अर्थ ठरली. जिने हाकलले ती मुक्तीची खूण झाली. आपल्याकडे अस्पृश्य हाच अस्वच्छतेचा अर्थ ठरवला गेला, त्याची येथे आठवण होते. अमेरिकन काळ्या विदुषी डेलोरिस विल्यम्स यांनी १९९३ साली ‘सिस्टर्स इन द विल्डरनेस’ या ग्रंथात हागारला रूपकातून बाहेर काढून पुन्हा बाई म्हणून पाहिले, आणि गुलाम काळ्या स्त्रियांचे जीवन तिच्याशेजारी ठेवले. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाला स्वतःहून नाव देणारी पहिली व्यक्ती ही दासीच आहे, हे तेव्हा लोकांच्या नजरेत भरू लागले. वाच्यार्थाला खालची जागा देणाऱ्यांना हे दिसले नव्हते.

आता ब्लेकविषयी. नेव्हिलने ब्लेककडून घेतले ते अर्धेच घेतले, असे माझे मत आहे. ब्लेकच्या ‘लंडन’ या १७९४ सालच्या कवितेत मनाने घडवलेल्या बेड्यांचा उल्लेख आहे. आत पाहणारे वाचक तेवढाच उचलतात. पण त्याच कवितेत धुराडी साफ करणारी पोरे आहेत, शिपाई आहे, रस्त्यावरची वेश्या आहे. आणि त्यांच्यासमोर चर्च आणि राजवाडा उभे आहेत. बेडी मनाने घडवली हे खरे, पण ती कोणाच्या पायांत आहे आणि तिचा लाभ कोणाला होतो, हे सांगायला ब्लेक विसरत नाही. सुरिनाममधल्या गुलामांच्या छळाविषयी स्टेडमनने लिहिलेल्या आणि १७९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील चित्रे कोरणाऱ्यांत ब्लेक होता. फासळीत आकडा घालून जिवंत टांगलेला माणूस त्याने आपल्या हाताने तांब्याच्या पत्र्यावर कोरला. कल्पनाशक्तीला ईश्वर मानणाऱ्या कवीला तो माणूस म्हणजे कोणाच्या तरी मनाची अवस्था वाटला नाही.

नेव्हिलचे तत्त्व शेवटपर्यंत नेले की काय होते? बाहेरचे जग आतल्या जाणिवेचा परिणाम असेल, समोरची माणसेही आपल्याच जाणिवेचा बाहेर आलेला आकार असतील, तर टांगलेला माणूस स्वतःच्या जाणिवेमुळे टांगला गेला असे म्हणावे लागते. हा निष्कर्ष आपल्याला अनोळखी नाही. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे तू या जातीत आलास, असे आपल्या पूर्वजांना सांगितले गेले. मागच्या जन्माच्या जागी कालची भावना ठेवली की कर्मसिद्धान्त नव्या पोशाखात परत येतो. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मनाचे महत्त्व ठेवले आणि पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त मात्र नाकारला. जो सिद्धान्त दुःखाचा सगळा भार दुःख भोगणाऱ्यावर टाकतो, तो अन्याय करणाऱ्याला मोकळा सोडतो, हे त्यांनी ओळखले होते.

आतला बदल आणि बाहेरचा बदल एकच मानल्याने काय घडते, याचे उदाहरण आपल्या न्यायालयाच्या दप्तरात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे स्थान हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. मद्रासच्या रस्त्याकडेला चामड्याचे काम करणाऱ्या सूसाई या आदिद्रविड ख्रिस्ती माणसाला, शेजारच्या हिंदू चर्मकारांना मिळालेली टपरी मिळाली नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. धर्मांतरानंतरही पूर्वीचे दुबळेपण तितक्याच तीव्रतेने कायम आहे हे दाखवणारा पुरावा समोर नाही, असे म्हणून १९८५ साली न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. श्रद्धा बदलली, पण तोच रस्ता, तेच चामडे आणि तीच आरी होती. ख्रिस्ती झाल्याने माणसाच्या आत जे बदलते ते मी क्षुल्लक मानत नाही. पण त्या बदलाचा दाखला देऊन त्याची टपरी नाकारली जात असेल, तर आतल्या मुक्तीचा उपयोग बाहेरच्या बंधनासाठी होतो आहे.

अशा वेळी जोतीराव फुल्यांची वाचनपद्धती आठवते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांनी नेव्हिलच्या नेमके उलट केले. मत्स्य, वराह, वामन या पुराणकथा त्यांनी मनोव्यापार म्हणून वाचल्या नाहीत. त्यांत जिंकणाऱ्यांनी लपवलेला इतिहास शोधला, आणि येशूलाही बळीराजाच्या पंक्तीत बसवले. त्यांचा प्रत्येक ऐतिहासिक तपशील आज टिकेलच असे नाही. पण बळीच्या डोक्यावरचा पाय कोणाचा, हा प्रश्न त्यांनी वाचकाला विचारायला शिकवले. १९८१ साली बंगलोरला अरविंद निर्मल या मराठी ख्रिस्ती धर्मचिंतकाने भारतीय ख्रिस्ती चिंतनाचे ब्राह्मणी वळण नाकारले आणि पुढे दलित ख्रिस्ती चिंतनाचा पाया घातला. अनुवादाच्या पुस्तकातील, भटक्या पूर्वजाची आणि मिसरातल्या छळाची आठवण करणारे निवेदन त्यांनी त्यासाठी आधाराला घेतले. येथेही आठवण जमिनीवरची आहे.

तर मग आतले वाचन टाकूनच द्यावे काय? मला तसे वाटत नाही. दोन्ही एकत्र ठेवणारा एक वाचक होऊन गेला, त्याचे नाव हॉवर्ड थर्मन (१८९९–१९८१). ज्या ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, त्याच सुमारास हा काळा अमेरिकन धर्मोपदेशक शिष्टमंडळ घेऊन श्रीलंकेत उतरला होता. तेथे एका हिंदू गृहस्थाने त्याला विचारले की, ज्या धर्माच्या लोकांनी तुम्हाला गुलाम केले त्या धर्माचा म्हणून तू येथे कसा आलास? त्या प्रश्नाला त्याने १९४९ साली ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ हे पुस्तक लिहून उत्तर दिले. त्याची आजी गुलामीत जन्मली होती. मालकाचा उपदेशक पौलाच्या नावाने आज्ञापालन शिकवी, म्हणून ती नातवाकडून पौलाची पत्रे सहसा वाचून घेत नसे. बाईला अक्षर येत नव्हते; तरी काय ऐकावयाचे आणि काय नाही, हा विवेक तिच्याजवळ होता.

थर्मन भीती, लबाडी आणि द्वेष या तीन गोष्टींचा विचार करतो. दडपलेल्या माणसाच्या मनाला त्या आतून कशा पोखरतात, हे तो अत्यंत बारकाईने सांगतो. हे अंतर्मनाचेच वाचन आहे. पण त्याआधी तो येशूची जागा निश्चित करतो. येशू गरीब होता, ज्यू होता, रोमच्या सत्तेखाली चिरडलेल्या समाजातला होता. रोम बाहेर आहे आणि भीती आत आहे. आतल्या भीतीवर मात केली म्हणजे बाहेरचा रोम नाहीसा होतो असे तो म्हणत नाही, रोमसमोर ताठ उभे राहता येते असे म्हणतो. नेव्हिलमध्ये आणि थर्मनमध्ये जो फरक आहे तो एवढाच, आणि आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

आपल्या लेखकांनी आत जरूर जावे. तेथे भीती आहे, न्यूनगंड आहे, शिकून वर गेलेल्याची लाज आहे. त्याविषयी अजून पुष्कळ लिहावयाचे राहिले आहे. अभ्यासिकेतल्या मुलांनीही नोकरीचे, सन्मानाचे चित्र मनात अवश्य रंगवावे. फक्त अंतर्मनाची गोष्ट सांगणारा कोणताही ग्रंथ हाती आला की त्याला एक प्रश्न विचारावा: या गोष्टीतला फारो कोठे गेला? तो गोष्टीत दिसत असेल तर पुस्तक वाचत राहावे. दिसत नसेल तर त्याला कोणी लपवले आणि कोणाच्या फायद्यासाठी, हे शोधणे हे आपल्या समीक्षेचे काम आहे.